दुसऱ्या भागाचं पहिलं वाक्य

श्यामरावांचा आवाज असा, की मंडईतल्या नाटकात माईक बिघडला तर मंडळाला घाम फुटायचा नाही. शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून पेंगणारा म्हातारासुद्धा दचकून उठून बसेल, एवढा तो आवाज. देव कोणाला रूप देतो, कोणाला जमीन देतो. श्यामरावांना दोन्ही बेताचं दिलं आणि आवाज तेवढा हात सैल सोडून दिला. त्यामुळे गावच्या नाटकात बापाचं काम आलं की ते श्यामरावांचं, यावर कधी चर्चाच झाली नाही. खाष्ट बाप, दारुडा बाप, सावकार बाप, लेकीला विकणारा बाप, लेकीसाठी मरणारा बाप, सगळे बाप त्यांनी करून टाकले होते.

भंडाऱ्याकडे मोहाडीच्या अंगाला भाऊबीज सरली की गावोगावी मंडईची जत्रा भरते. दिवसा दंडारीचं नाचगाणं, पाळणे, जिलेबीच्या कढया, घरोघरी सोयरेधायरे. आणि रात्री गावच्या मंडळाचं नाटक. पुरुषांची कामं गावातलेच लोक करतात, पण बायांची कामं करणाऱ्या नट्या बाहेरून येतात, वडशाहून, नागपूरहून. त्या त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं उतरतात, एकदा वाचन होतं की लगेच तोंडाला रंग. म्हणजे महिनाभर तालमी चालतात त्या नट्यांशिवाय. बाप ओरडतो तो रिकाम्या खुर्चीवर.

श्यामरावांना रिकाम्या खुर्चीवर ओरडणं जमत नसे. म्हणून घरी त्यांची लेक खुशबू वाचायला बसायची. दुसरीत अक्षरं जुळायला लागली तेव्हापासून. पोरगी पाटावर बसून सगळ्यांची वाक्यं वाचायची, आईची, सासूची, मरणाऱ्या लेकीची, आणि बाप अडला की त्याचं पुढचं वाक्य हळूच सुचवायची. बापाला तेवढं पुरे. श्यामरावांना पहिला शब्द मिळाला की पुढचं आख्खं भाषण धडधडत बाहेर येई. पहिला शब्द मात्र कोणीतरी द्यावा लागे. नाटकात डाव्या विंगेत प्रॉम्प्टर बसायचा, घरात खुशबू.

मागच्या मंडईचं नाटक होतं 'लेक उंबऱ्याबाहेर'. लिहिलं हिरालाल मास्तरांनी. मास्तर मराठी शिकवून रिटायर झालेले. पेन्शन घेऊन गप बसणाऱ्यातले नव्हेत. नाटकात लेक आपल्या मनानं लग्न करते, बाप तिला दारातून परत पाठवतो आणि शेवटी आतून कडी लावतो. कडीचा आवाज झाला आणि पडदा पडला. मधलं वाक्य असं होतं: "ज्या उंबऱ्याबाहेर तू पाऊल टाकलंस, तो उंबरा आजपासून तुला नदीचा पलीकडचा काठ! या घरात तुझ्या नावाचा दिवा विझला!" श्यामरावांनी ते हात वर करून असं म्हटलं, की लोकांनी वन्स मोअर घेतला. दोनदा घेतला. बाया पदर तोंडाला लावून रडल्या आणि श्यामराव आठवडाभर गावात छाती काढून फिरले.

मग आला मे महिना. खुशबूनं भंडाऱ्याच्या कचेरीत नोंदणी करून लग्न केलं. मुलगा अनुप, वरठीचा, तिथल्या कारखान्यात नोकरीला. बौद्ध घरचा. श्यामरावांना पोरात काही खोट सापडली नाही, आणि सापडली नाही याचाच त्यांना जास्त राग आला. खोट होती ती लोक काय म्हणतील यात. नाटकात पोराची जात सांगितलेली नव्हती. नाटकात सांगत नाहीत. दोघं लग्न करून सरळ घरी आले, पाया पडायला. श्यामराव दारात उभे राहिले. अंगात आग, डोक्यात काही नाही, जिभेवर एक शब्द नाही. आणि अशा वेळी माणसाच्या तोंडात जे बसलेलं असतं तेच बाहेर येतं.

"ज्या उंबऱ्याबाहेर तू पाऊल टाकलंस..."

हातही तसाच वर गेला. आवाजही तोच, पोटातून आलेला. पार बोडीच्या तळ्याच्या पाळीपर्यंत गेला. आणि समोरच्या ओट्यावरून कोणाची तरी, निव्वळ सवयीनं, शिट्टी वाजली.

खुशबू रडली नाही. ती बापाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे तं मास्तरचं वाक्य हाय. तुमचं काय हाय ते सांगा."

श्यामरावांजवळ त्यांचं काही नव्हतं. नाटकात पुढं कडी लावायची होती, म्हणून त्यांनी कडी लावली.

आता बोला! त्या दिवसापासून घरात शकुनबाई नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागल्या. जेवा, झोपा, वीज गेली, बैल सुटला. बाकी काही नाही. श्यामरावांनीही लेकीचं नाव काढलं नाही. पण धान निसवलं, पिवळं पडलं, कापणीला आलं, आणि मंडई जवळ येताच गावाच्या पोटात नाटकाचं दुखू लागलं. लोकांना दुसरं काही नको होतं. पोरगी बाहेर उभी, बाप आत. मग पुढं काय झालं? दुसरा भाग पाहिजे!

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मंडळाची बैठक बसली. मंडळाचा सचिव कुलदीप, हुशार पोरगा, मोबाईलवर फ्लेक्सचा नमुनाच घेऊन आला होता. वर श्यामरावांचा हात वर केलेला फोटो आणि खाली लाल अक्षरात 'लेक उंबऱ्याबाहेर – सीक्वेल'.

"हे शिक्वेल काय भानगड हाय गा?" पानठेलेवाल्या इश्वरनं डोळे बारीक करून विचारलं. "साबणाचं नाव वाटते."

"अबे, पिक्चरचा दुसरा भाग येते ना, त्याले म्हंतेत," कुलदीप म्हणाला.

"म्हंतेत ते समजलं. काहून म्हंतेत?"

असा प्रश्न हिरालाल मास्तरांसमोर विचारणं म्हणजे बैठक तासभर लांबवणं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण इश्वर विचारून बसला होता. मास्तरांनी चष्मा पुसला.

"मूळचा लॅटिन शब्द हाय," ते म्हणाले. "सेक्वी म्हणजे मागं मागं जाणं. त्यापासून सेक्वेला, मागून आलेली. ते फ्रेंचांनी उचललं, फ्रेंचांपासून इंग्रजांनी उचललं, अन् आता आमच्या कुलदीपनं. पयले या शब्दाचा गोष्टीशी काही संबंध नोयता. राजाच्या मागून चालणारी माणसं, एखाद्या घटनेच्या मागून येणारी घटना, असं सारं त्यात होतं. मागून चालणारी गोष्ट, हा अर्थ मंग चिकटला. इंग्रजीत परिणामाले कॉन्सिक्वेन्स म्हंतेत, तोबी याच घरचा."

"म्हंजे आपल्या घरचा नाही," इश्वर म्हणाला.

"कसा नाही? संस्कृतात याचा चुलतभाऊ हाय. सच् धातू. सोबत असणं, मागं जाणं. त्याच्यातूनच सचिव." मास्तरांनी कुलदीपकडे बोट केलं. "सचिव म्हणजे मागं मागं चालणारा. तू अध्यक्षाच्या मागं पिशवी घेऊन फिरतेस ना, ते शब्दाले धरूनच हाय."

सगळे हसले. कुलदीपही हसला, पण फ्लेक्सवरचा शब्द काढायला तयार होईना. मराठीत काय म्हणायचं, असं कोणी विचारलं. उत्तरकथा म्हणतात, मास्तर म्हणाले, पुस्तकाच्या कपाटात शोभते. मंडईत आपला 'भाग दुसरा' बरा. शेवटी 'भाग दुसरा' ठरलं.

श्यामराव इतका वेळ खांबाला टेकून गप्प होते. त्यांनी घसा खाकरला, आणि खाकरण्याचाही आवाज मोठाच झाला.

"मास्तर, मी विचारतो ते सांगा. मागून येणारीनं पयलीतलं मिटवलं तं चालते का?"

विचारणारा कशाबद्दल विचारतो आहे, हे न कळण्याइतकं कोणी तिथं भोळं नव्हतं.

"नाही चालत," मास्तर हळू म्हणाले. "पयलीनं जिथं पाय उचलला तिथूनच दुसरीले चालाव लागते. कडी लागून गेली, श्यामराव. ती सपनात लागली होती असं लेहलं, तं लोक खुर्च्या फेकतीन."

"मंग ती उघडते कोण? काय म्हणून उघडते?"

"तेच तं मले सुचून नाही राहिलं. बाकी सारे अंक तयार हायेत. पयल्या प्रवेशाचं पयलं वाक्य तेवढं अडून बसलं हाय."

तीन दिवसांनी मास्तरांनी पहिल्या प्रवेशाची कच्ची पानं पाठवली. श्यामराव ती घेऊन सपरीत, घरासमोरच्या पडवीत, बसले. बापाची भूमिका नको म्हणावी असं त्यांना शंभरदा वाटलं होतं, पण गावात दुसरा बाप नव्हता. आणि खरं सांगायचं तर, पुढं काय होतं ते त्यांनाही पाहायचं होतं. वाचायला मात्र कोणी नव्हतं. शकुनबाई समोर सुपात लाखोळीची डाळ पाखडत होत्या.

"वं, वाचतेस का जरा लेकीचं?" श्यामरावांनी भीत भीत विचारलं.

शकुनबाईंनी सूप खाली ठेवलं, हात पुसले, पानं घेतली. सातवी शिकलेल्या; वाचता छान येई, पण आवाजात चढ नाही उतार नाही. बाजारभाव वाचावा तसं त्यांनी वाचलं. "बाबा, मी चुकली. माझी ओटी रिकामी आहे. मला पदरात घ्या. येथे लेक बापाच्या पाया पडते."

श्यामरावांना बरं वाटलं. लेक येते, पाया पडते, बाप कडी काढतो. यात बापाला काहीच करायचं नव्हतं. "मस्त हाय," ते म्हणाले.

"नाही येणार ती अशी," शकुनबाई म्हणाल्या.

"कोण?"

"नाटकातली."

पानं मास्तरांकडे परत गेली. मास्तरांनी दुसरा कागद पाठवला. यात बाप बिमार पडतो, खाटेवर खोकत असतो आणि लेक धावत येते. श्यामराव सपरीतल्या खाटेवर आडवे झाले आणि असे खोकले, की शेजारची उषाबाई कुडावरून डोकावून पाणी पाहिजे का विचारून गेली.

"बिमार पडून बोलावणं, हे काय बोलावणं होय?" शकुनबाई पुटपुटल्या, पण वाचायला लागल्या. "बाबा! काय ही दशा! मी आले आहे, डोळे उघडा. बाबा, शुगरची गोळी जेवणाच्या आधी घेता का मंग?"

श्यामराव खाटेवर उठून बसले. "हे कुठं लेहलं हाय?"

"लेहलं नाही."

"मंग?"

"ती रोज विचारते. फोनवर." शकुनबाईंनी पान उलटलं नाही, वरही पाहिलं नाही. "तुमी धानाच्या बांधीवर गेले का मी फोन लावतो तिले. रोज."

"मे महिन्यापासून?"

"त्याच दिवशी संध्याकाळपासून."

"अन् तू काय सांगतेस?"

"आधी घेतेत म्हणून सांगतो. खोटं सांगतो. तुमी कधी आधी घेता, कधी मंग घेता, कधी घेतबी नाही."

श्यामरावांना राग यायला पाहिजे होता. माझ्या घरात, माझ्या पाठीमागं, असं काहीबाही ओरडायला पाहिजे होतं, आणि ओरडण्यात तर त्यांचा हात धरणारा नव्हता कोणी. पण राग आलाच नाही. आपण एवढे महिने रोज विचारले जात होतो आणि आपल्यालाच ते ठाऊक नव्हतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. ते उठले, चपला घातल्या आणि तडक मास्तरांच्या घरी गेले.

मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. समोर कागद, कागदावर खाडाखोड.

"मास्तर, नाटक गेलं चुलीत," श्यामराव म्हणाले. "मले एक वाक्य लेहून द्या. मी वरठीले जातो अन् म्हणून येतो."

मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. "मी देलेलं वाक्य एकदा म्हणून पाह्यलं ना तुमी तुमच्या दारात? काय झालं?"

श्यामराव चपलेनं अंगणातली माती उकरू लागले.

"मीबी झोपलो नाही त्या दिवशी," मास्तर म्हणाले. "मी लेहलं ते मंडईसाठी लेहलं होतं. तुमच्या उंबऱ्यासाठी नाही. नाटकाच्या मागं तुमी चालले, अन् पोरगी बाहेर राह्यली. आता उलटं करू. दुसरा भाग मागून चालणारा असते, त्याच्या पुढं कोणीतरी चालाव लागते. तुमी चाला पुढं. जे म्हणसान ते म्हणा. मी मागून लेहतो."

"अन् मले काहीच सुचलं नाही तं?"

"तं मंडईत दंडार दोनदा करू," मास्तर म्हणाले. "जा आता. मंडई परवावर आली."

श्यामरावांनी मोटारसायकल काढली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापून पडलं होतं, कुठं पुंजणे रचून झाले होते, कुठं मळणीयंत्राची धूळ उडत होती. ते रस्ताभर वाक्य घोकत होते. खुशबू, मंडई हाय, चाल. खुशबू, मंडई हाय, चाल. लहान वाक्य होतं, यात अडण्यासारखं काही नव्हतं. मोहाडीच्या चौकात ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा ते त्याच्यावरही "मंडई हाय" म्हणून ओरडले.

वरठीत रेल्वे स्टेशनच्या मागच्या वस्तीत घर सापडायला वेळ लागला नाही. निळं रंगवलेलं दार उघडंच होतं. दारात अनुपची आई धुरपताबाई लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं.

"ओळखलं मले?" श्यामरावांनी विचारलं.

"बाप्पा, ओळखीन नाही तं! मागच्या मंडईत माझ्या बहिणीकडं आली होती मी तुमच्या गावाले. नाटक पाह्यलं ना तुमचं. लई बेकार बाप. मी बसल्या जागी शिव्या घातल्या."

"नाटकातल्या बापाले, जी," श्यामराव कसनुसे हसले.

"तेव्हा नाटकातल्याले. मंग मे महिन्यात दुसऱ्यालेबी घातल्या." एवढं बोलून ती उठली आणि तिनं दारासमोरच्या अंगणात खुर्ची मांडली. "बसा. पाणी आणतो."

आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि त्यांच्याखाली अनुपचे वडील आनंदराव पेपर वाचत बसले होते. रेल्वेतून रिटायर झालेला शांत माणूस. त्यांनी जयभीम घातला, श्यामरावांनी हात जोडले, आणि आनंदराव पुन्हा पेपरात शिरले. पण पान काही उलटेना. धुरपताबाईनं आणलेलं पाणी श्यामरावांनी एका दमात संपवलं. मे महिन्यात या घरचं पाणी आपण पिणार नाही, असं ते इश्वरच्या पानठेल्यावर चारचौघांत म्हणाले होते. ते आठवून त्यांना लाज वाटली.

स्वयंपाकघरातून खुशबू बाहेर आली. हाताला पीठ होतं. बापाला पाहून ती चौकटीतच थांबली.

श्यामराव उठून उभे राहिले. "खुशबू," ते म्हणाले, "मंडई हाय. चाल."

वाक्य न अडता आलं. ते स्वतःवरच खूष झाले. पण खुशबू जागची हलली नाही.

"कोणाले बोलावता, बाबा?"

"तुले."

"एकटीले?"

श्यामरावांना प्रश्न कळला, आणि कळला म्हणूनच ते गडबडले.

"मंडईचं बोलावणं एकटीले नसते, बाबा," खुशबू म्हणाली. आवाज शांत होता, पण पिठाचे हात तिनं घट्ट आवळून धरले होते. "तुमीच सांगत होते. सोयऱ्याच्या घरी गेलं का पयले घरच्या मोठ्या माणसाले म्हणाचं, मंग बाईमाणसाले, मंग पोराइले. आत्याच्या घरी जात होतो आपण तेव्हा मी गाडीच्या टाकीवर बसून राह्यची, अन् तुमी पयले आत्याच्या सासऱ्याले बोलावत होते. आत्याशी मंग बोलत होते."

खरंच होतं. मंडईला लेक येते ती सासरच्यांना घेऊन. एकट्या लेकीला नेणं म्हणजे तिला सासर नाहीच असं धरून चालणं. आणि सासरच्यांना बोलवायचं, तर आधी आनंदरावांना एका शब्दानं हाक मारावी लागणार होती. इवाई. आपल्या भागात व्याह्याला म्हणतात तो साधा शब्द, ओठांतून सहज सुटणारा. पण एकदा सुटला की नातं जुळलं, गावासमोर जुळलं, इश्वरच्या पानठेल्यासमोर जुळलं. हे सगळं श्यामरावांच्या डोक्यात एकदम भरभरून आलं आणि ते अडले.

त्यांची मान आपोआप डावीकडे वळली. डाव्या विंगेत प्रॉम्प्टर बसतो. तिथं कारखान्यात पायीच गेलेल्या अनुपची स्कूटी उभी होती आणि स्कूटीवर वाळत घातलेला टॉवेल. दुसरं कोणी नव्हतं.

खुशबूनं बापाची मान वळलेली पाहिली. ही मान तिच्या ओळखीची होती. अशी मान वळली की हळूच पहिला शब्द द्यायचा, हे तिनं दुसरीपासून केलं होतं, आणि आत्ताही तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. तिनं ओठ मिटून घेतले. डोळे भरून आले तरी तिनं दिला नाही.

आनंदरावांनी पेपर खाली ठेवला होता. धुरपताबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला होता. श्यामरावांनी पोटात श्वास भरला. त्यांना हळू बोलणं आयुष्यात कधी आलं नव्हतं, आणि आज तर मुळीच येणार नव्हतं.

"इवाई!"

समोरच्या घरातलं लेकरू रडायला लागलं. दोन खिडक्या उघडल्या.

"इवाई, परवा आमच्या गावची मंडई हाय! तुमी या! इहीनबाई, तुमीबी या! जावई, पोरगी, सारे जेवाले माझ्या घरी या! अन् त्या दिवशी दारात जे म्हटलं, ते मास्तरचं होतं!" इथं त्यांचा आवाज फाटला. असा आवाज कोणत्याच नाटकात फाटला नव्हता. "हे माझं हाय."

मग आनंदराव उठले, पायात चपला सरकवल्या, जवळ आले आणि श्यामरावांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"येतो ना, इवाई. येतो," ते म्हणाले. "पण हळू बोला जरा. साऱ्या वस्तीनं आयकलं. आता सारीच वस्ती जेवाले आली तं इहीनबाईचे वडे पुरतीन का?"

धुरपताबाई खळखळून हसली. श्यामराव हसले आणि हसता हसता रडले, मोठ्यानं रडले. रडणंही त्यांना हळू येत नव्हतं. खुशबू त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"गोळी घेतली का?"

"नाही," श्यामरावांनी खरं सांगितलं.

"खिशात हाय?"

"हाय."

"मंग घ्या पयले. मी भाकर टाकतो. जेवूनच जासान."

मंडईच्या दिवशी दुपारी श्यामरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आनंदराव आणि श्यामराव बाजारातून सोबत फिरून आले होते. फिरताना काहींनी रामराम घातला, काहींनी तोंड वळवलं, आणि इश्वरनं आनंदरावांना न मागता पान लावून दिलं. अनुप पाट मांडत होता. धुरपताबाई आणि शकुनबाई कढईपाशी बसून कोणाचा वडा जास्त फुगतो यावर वाद घालत होत्या. खुशबू सपरीत, बापाच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, पाटावर ताट घेऊन बसली होती.

तेवढ्यात हिरालाल मास्तर घाईघाईनं आले, मागून कुलदीप. "श्यामराव, नट्या उतरल्या वडशाच्या गाडीतून. वाचन सुरू करतो. पण पयलं वाक्य अजून कोरं हाय. सांगा पटकन, तिथं जाऊन काय म्हटलं तुमी?"

मास्तरांनी कागद मांडीवर घेतला, टोपण काढलं. सगळं अंगण कान देऊन ऐकायला लागलं.

श्यामरावांनी तोंड उघडलं. आणि काही आलं नाही. वीस वर्षांतल्या कोणत्याही नाटकातलं कोणतंही वाक्य कोणी विचारलं असतं, तर त्यांनी झोपेतून उठून म्हटलं असतं. पण स्वतःच्या तोंडून निघालेलं ते एवढंसं वाक्य कुठून सुरू झालं होतं, तेच आठवेना. त्यांनी डोकं खाजवलं. कपाळाला हात लावला. आणि मग सवयीनं त्यांची मान डावीकडे वळली.

खुशबूच्या तोंडात घास होता. तिनं तो गिळला.

"इवाई," ती हळूच म्हणाली.

"इवाई!" श्यामराव म्हणाले.

"परवा आमच्या गावची..."

"परवा आमच्या गावची मंडई हाय!"

आणि हिरालाल मास्तर मागून मागून लिहीत गेले.